नाव घेणारी नागुबाई

बुधवार, १४ मे २०२५, लातूर. सकाळपासूनच झळा. पेपर उशिरा आला. गुडघ्याला तेल लावले. शेजारी बारशाचे बोलावणे होते, गेले नाही. मागच्या खोलीतली नागुबाई आज मिलवर गेली नाही. डबा न भरता ओट्यावर बसून राहिली. काय झाले विचारले तर म्हणाली, "काल बोलले, अक्का." मी म्हटले, तू तर रोजच बोलतेस. त्यावर म्हणाली, "न्हाई. रोज गाते. काल बोलले."

*

गाणं आणि बोलणं यांत एवढं अंतर असतं, हे कळायला नागुबाईला अर्धं आयुष्य लागलं. ज्या घरात ती जन्मली तिथे दोन्ही एकच होतं. मुदखेडच्या अलीकडच्या एका खेड्यात तिचा बाप निवृत्ती याची गायन पार्टी होती. वर्षभर लोकांच्या रानात राबायचं आणि चौदा एप्रिल जवळ आला की पेटी, ढोलकी आणि मागे सूर धरणारे दोघे घेऊन गावोगाव बाबासाहेबांची गाणी म्हणत फिरायचं. निवृत्ती मजुरीचं बोलायचा ते गाण्यात, पाटलाला सुनवायचा तेही गाण्यातच. एकदा त्यानं विहिरीवरून असं काही कडवं जोडलं की दुसऱ्या दिवशी पाटलानं वस्तीसाठी नवा दोर आणि बादली पाठवून दिली, असं तो पोरांना सांगायचा. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. पण पेटीजवळ मांडी घालून बसणाऱ्या नागुबाईनं ते खरं मानलं. शब्द नेमका लागला की माणूस लाजतो, लाजला की सुधरतो, एवढी शिदोरी घेऊन ती लातुरात साहेबरावाच्या घरी नांदायला आली.

साहेबराव आडत बाजारात हमाल होता. एका उन्हाळ्यात पोतं पाठीवर घेतलेलं असतानाच खाली बसला तो उठलाच नाही. नागुबाई संगमेशआप्पांच्या डाळमिलमध्ये लागली आणि सुलोचनाबाईंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. सुलोचनाबाई म्हणजे अक्का. नवरा गेलेल्या, हैदराबादला ननांच्या शाळेत शिकलेल्या, रोज संध्याकाळी तारीख घालून डायरी लिहिणाऱ्या. दोघींचं जमलं ते एका गोष्टीवर: दोघींनाही फुकटची दया खपत नसे.

मिलमध्ये आता डाळ निवडायला मशीन आहे. तरी मशीननं टाकून दिलेल्या मालात चांगली डाळ राहतेच. ती वेचायची, चुरी वेगळी, खडा वेगळा, आणि मग पाकिटं भरायची, हे बायकांचं काम. दुपारी जेवायला सुट्टी झाली की शेडच्या सावलीत डबे उघडायचे. मिलच्या मागं बाभळींची दाट रांग होती. बायकांचं मागं जायचं ठिकाण तेच. काटे होते, विंचूकाटा होता, पण आडोसा होता.

शिल्पा नावाची नवी लग्न झालेली पोर कामाला लागली, त्या दिवशी सगळ्यांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं. नाव घेतल्याशिवाय डबा उघडू देईनात. तिनं लाजत, अडखळत नवऱ्याचं नाव घेतलं. मग एकेकीची पाळी आली. नागुबाईपाशी येऊन मात्र सगळ्या थांबल्या. नवरा गेलेल्या बाईला नाव घे म्हणत नाहीत.

सरजाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "नागे, तू बस आमचे ऐकत."

"का गं? मला काय तोंड न्हाई?" नागुबाई म्हणाली. "मेल्या माणसाचं घेऊन पोट भरत न्हाई. ज्याच्या जिवावर जगून राहिले, त्याचं घेते."

आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तिनं म्हटलं:

"तूर भरडली, हरभरा भरडला, भरडली आमची हाडं,
संगमेशआप्पाचं नाव घेते, आडोशाला बाभळीची झाडं."

क्षणभर कुणाला कळेचना. मग असा हशा झाला की शिल्पाला ठसका लागला आणि केवळाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अगं बया! आप्पाची बायको ऐकंल तर झिंज्या उपटंल!" सरजाबाई किंचाळली. रांडमुंड बाईनं मालकाचं नाव घ्यायचं, म्हणजे केवढं धाडस. त्या दिवसापासून जेवायच्या सुट्टीत नागुबाईचा उखाणा ठरूनच गेला. कधी मुकादम व्यंकटच्या नावानं, कधी मशीनच्या, पण बहुतेक आप्पांच्या. बायका त्याला हसायच्या आणि हसता हसता त्यांच्या तोंडून हळूच निघायचं, "खरं हाय गं पण."

गेल्या वर्षी आप्पांनी नवं गोदाम काढलं. जागा पाहिजे म्हणून बाभळी तोडल्या. गोदामाच्या पलीकडे उघडा रस्ता, त्यावर ट्रकवाल्यांचा राबता. पुरुषांसाठी फाटकाजवळ एक पत्र्याचा संडास होता. बायकांना काहीच नव्हतं. बायका व्यंकटकडे गेल्या.

"आप्पाच्या कानावर घालतो," व्यंकट म्हणाला.

"कवा?"

"घालतो म्हणलं ना. तुमचं लई अर्जंट असतंय बाबा सगळं."

"ते अर्जंटच असतंय, व्यंकट," केवळाबाई म्हणाली. तेवढं म्हणून सगळ्या हसल्या आणि परत आल्या.

मग बायकांनी आपला आपण उपाय काढला. घरून निघताना घोटभर पाणी, मग घरी जाईपर्यंत तोंडाला पाणी लावायचंच नाही. लातूरच्या उन्हात, डाळीच्या धुळीत. पावसाळा संपता संपता केवळाबाईला कळा सुरू झाल्या. एक दिवस ती पाकिटं भरता भरता पोट धरून आडवीच झाली. डॉक्टर म्हणाले मुतखडा, आणि वर म्हणाले, "बाई, पाणी भरपूर प्या." केवळाबाई परत आली तेव्हा हे वाक्य ती सगळ्यांना नक्कल करून सांगायची. नागुबाईला त्यावर हसू आलं नाही. तिनं त्या दिवशी म्हटलं:

"डाळीतला खडा आम्ही वेचला, पोटातला वेचंल कोण?
संगमेशआप्पाचं नाव घेते, कानाला त्यांच्या फोन."

हे उखाणे शेडच्या सावलीत राहून उपयोग नव्हता. ते आप्पांच्या कानावर पडले पाहिजेत, बापाच्या कडव्यासारखे लागले पाहिजेत, असं तिच्या मनानं घेतलं. तशी संधी चालूनही आली. आठ मार्चला आप्पांची सून तनुजा कामगार बायकांना स्टीलचे डबे वाटायला मिलमध्ये आली. चांगली शिकलेली, हसतमुख पोर. "काकू, कुणीतरी छान उखाणा घ्या ना," असं म्हणून तिनं मोबाइल समोर धरला. आप्पा खुर्चीवर बसले होते. नागुबाई उठली. आवाज बापाचा होता.

"डाळीला छप्पर, पोत्याला छप्पर, छप्पर वजनकाट्याला,
संगमेशआप्पाचं नाव घेते, ऊन आमच्या वाट्याला."

व्यंकटनं मान खाली घातली. नागुबाईला वाटलं, लागलं. आता लाजतील.

आप्पांनी मांडीवर थाप मारली आणि गडगडून हसले. "व्वा! कसलं डोस्कं हाय हिचं! काट्याला, वाट्याला! अजून एक होऊन जाऊ दे!"

नागुबाईनं खड्याचाही म्हटला, बाभळींचाही म्हटला. आप्पा प्रत्येकाला दाद देत गेले. खड्याच्या उखाण्यात फोन आला तेव्हा तर त्यांनी खरंच कानाला फोन लावून दाखवला. तनुजानं ते सगळं मोबाइलवर टाकलं आणि दोन दिवसांत आख्ख्या बाजारात झालं. आडतवाले आप्पांना थांबवून म्हणायचे, "आप्पा, दिलदार माणूस राव तुम्ही! कामवाली तोंडावर बोलती अन् तुम्ही हसता!" आप्पा म्हणायचे, "कलावंत बाई हाय, काय करता!" नागुबाईला भाजीवाली ओळखू लागली. रिक्षावाल्यानं उखाणा म्हणून दाखवला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

संडास काही झाला नाही.

नागुबाईची चिडचिड व्हायला लागली ती तेव्हापासून. रात्री अक्कांच्या ओट्यावर येऊन म्हणायची, "शिवी दिली तरी हसतो, अक्का. ह्याला लागतंय तरी काय?"

अक्का म्हणाल्या, "उखाणा हसण्यासाठीच घेतात, नागुबाई. तू त्याला हसायला दिलंस, तो हसला. सरळ अर्ज दे."

अक्कांनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहून दिला. बायकांची अडचण काय, बाभळी कधी तुटल्या, केवळाबाईला काय झालं, कुठे काय बांधता येईल, सगळं मुद्द्यानं. नागुबाईनं तो व्यंकटच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी व्यंकट तो तसाच परत घेऊन आला.

"आप्पा म्हणले, अर्ज कशाला? तिला म्हणावं उखाण्यात सांग. मजा येती."

नागुबाईनं कागदाची घडी केली आणि पोलक्यात ठेवली.

एप्रिलच्या शेवटी नांदेडहून निरोप आला. एक मेला कामगारांच्या कवितेचा कार्यक्रम होता आणि त्यांनी तिला बोलावलं होतं. नागुबाई हरखली. नांदेड म्हणजे तिचा मुलूख. तिथं शिकलेली माणसं असतील, कामगारांची माणसं असतील, त्यांना तरी हे हसण्यावारी नेता येणार नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी कळलं की कार्यक्रमाचा खर्च आप्पांनी उचलला आहे आणि ते तिला स्वतःच्या गाडीतून नेणार आहेत.

"जाऊ नको," सरजाबाई म्हणाली.

"का न जाऊ? त्याच्याच पैशानं त्यालाच सुनावते," नागुबाई म्हणाली.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. थंडगार गाडीत ती आखडून बसली होती. सभागृहाच्या दारात फलकावर वर मूठ वळलेला हात आणि खाली आप्पांचा हसरा फोटो होता. व्यासपीठावर कवी एकामागून एक येत होते. लोखंड, घाम, रक्त, ज्वालामुखी. सूत्रसंचालक प्रत्येकाला "आग ओकणारे कवी" म्हणत होता. नागुबाई उभी राहिली आणि तिनं सगळे उखाणे घेतले. टाळ्यांचा कडकडाट झाला, मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. मग आप्पा बोलायला उभे राहिले.

"ही बाई माझ्या मिलमध्ये काम करती," ते म्हणाले, "माझंच नाव घेऊन मलाच टोमणे मारती. अन् मी तिला गाडीत बसवून तुमच्यापुढं आणतो. ह्याला म्हणतात लोकशाही!"

पुन्हा टाळ्या. त्यांनीच तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि फोटो निघाला.

जेवताना आदिनाथ सर म्हणून एक प्राध्यापक तिच्या शेजारी येऊन बसले. सज्जन माणूस. अगदी मनापासून म्हणाले, "नागुबाई, तुमच्या कवितेतला आडोसा हे फार मोठं प्रतीक आहे. व्यवस्थेनं बाईला नाकारलेली जागा."

"म्हणजे कसं सर?"

"म्हणजे बघा, तुम्ही संडास मागता, पण तो केवळ संडास नाही."

"सर, आम्हाला केवळ संडासच पाहिजे."

आजूबाजूचे मोठ्यानं हसले. "हे फार भारी बोललात," सर म्हणाले, आणि शेजारच्याला ते परत सांगू लागले. माणसं वाईट नव्हती. आप्पासुद्धा वाटेत चहाला थांबले तेव्हा तिला आधी द्यायला लावत होते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

परतीच्या वाटेवर अंधार पडत आला होता. आप्पांचा फोन संपला तसं तिनं विचारलं, "आप्पा, मग संडासाचं काय करता?"

आप्पा मागं वळले. चेष्टेत, पण मायेनं म्हणाले, "अगं, संडास बांधला तर तू उखाणे कशावर घेशील? चाललंय ते बरं चाललंय."

घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, "कसं झालं?"

"तिथला संडास चांगला हाय," नागुबाई म्हणाली. "फरशी लावलेला. नळाला पाणी. मी दोनदा जाऊन आले." आणि शाल खुंटीला अडकवून ती भिंतीकडे तोंड करून निजली.

नव्या गोदामाचं उद्घाटन तेरा मेला ठरलं. हैदराबाद आणि इंदूरचे मोठे खरेदीदार येणार होते. आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. विहारात खीर वाटताना सरजाबाईनं विचारलं, "उद्या कुठलं घेणार गं? नवं काही जोडलंस का?"

"काहीच न्हाई घेणार."

"हाव, हाव. तू अन् गप्प बसणार!" सरजाबाई हसत पुढे गेली. नागुबाईनं दुसऱ्या कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतंच. बापाचं ते विहिरीचं कडवं तेवढं सारखं मनात येत होतं, आणि आज पहिल्यांदाच वाटत होतं की दोर-बादली कुठल्याशा दुसऱ्याच कारणानं आली असेल.

दुसऱ्या दिवशी गोदामापुढे मांडव होता. पाहुणे खुर्च्यांवर, त्यांच्या हातात थंड पाण्याच्या बाटल्या. बायका ताडपत्रीवर ओळीनं. फीत कापून झाली, पेढे झाले, आणि आप्पा उठले. "आता आमच्या मिलचा हिरा दाखवतो. नागुबाई, घे नाव!" तनुजानं मोबाइल वर केला.

नागुबाई उभी राहिली. काही बोलली नाही.

"लाजली!" कुणीतरी म्हणालं. पाहुणे हसले. लग्नात नवरी अशीच थांबते, मग आजूबाजूच्या आग्रह करतात, मग ती घेते. रीतच तशी.

"घे की गं लवकर," व्यंकट दातओठ खात पुटपुटला.

ती तशीच उभी. खुर्च्यांवरचं हसू हळूहळू ओसरलं. आप्पा म्हणाले, "बरं, शिल्पा, तू घे बाळ." शिल्पानं नागुबाईकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. "केवळाबाई!" केवळाबाई ताडपत्रीकडे बघत राहिली. कुणाचं कुणाशी ठरलेलं नव्हतं. पण एकीनं नाव घेतलं नाही की दुसरीची जीभ रेटत नाही, तसं झालं. "अगं, सरजाबाई तरी?" सरजाबाईसारखी बाईसुद्धा गप्प. तनुजाचा मोबाइल हळूच खाली आला.

तेव्हा नागुबाई बोलली. यमक नाही, चाल नाही, आवाजही वर नाही. शेजारणीशी बोलावं तसं.

"आप्पा, बायांना संडास पाहिजे. पाणी प्यायची भीती वाटती. केवळाबाईला त्यानंच खडा झाला. आधी बाभळी होत्या, त्या ह्या गोदामासाठी तोडल्या. बाकी काही न्हाई."

हैदराबादचा खरेदीदार बाटली तोंडाजवळ नेता नेता थांबला. "क्यों आप्पा, लेडीज के लिए इंतजाम नहीं है क्या?"

आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. इतक्या दिवसांत नागुबाईनं तो पहिल्यांदाच तसा पाहिला.

संध्याकाळी फाटकात व्यंकटनं तिला अडवलं. "उद्यापासून येऊ नको. आप्पा म्हणले, बाई माजली."

"मी नवं काय बोलले रे? हेच तर रोज म्हणत होते. नांदेडात म्हणलं, तर शाल घातली."

"तिथं उखाण्यात म्हणलीस. चारचौघांत असं उघडं बोलतात का?" व्यंकट जरा ओशाळला होता. "म्हणायचं होतंस की गं उखाण्यात. काय बिघडलं असतं?"

बुधवारी, म्हणजे अक्कांनी वर नोंद केली त्या दिवशी, दिवस कलल्यावर केवळाबाई आणि शिल्पा ओट्यावर येऊन टेकल्या. अंगावर डाळीची धूळ तशीच होती.

"गेलात का कामाला?" नागुबाईनं विचारलं.

"मग काय करू? घरी बसून कोण घालंल?" केवळाबाई म्हणाली. "सरजाबाई बी आली होती."

"दुपारी व्यंकटकाका म्हणले, घ्या गं एखादीनं नाव, लई सुनं सुनं वाटतंय," शिल्पा म्हणाली. "कुणीच न्हाई घेतलं, काकू."

"मग?"

"मग काय. डबे खाल्ले."

"अन् संडास?"

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. केवळाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "व्यंकट म्हणून राहिला होता, आता तर मुळीच न्हाई बांधणार आप्पा. बांधला तर नागीचं ऐकल्यासारखं होतंय म्हणं."

"म्हणजे माझ्यामुळं अडलं आता?"

"तसं न्हाई गं म्हणत मी."

"तसंच म्हणून राहिलीस!" नागुबाई ताडकन उठली. "गायलं तर टाळ्या. गप्प बसलं तर माज. बोललं तर माझ्यामुळं अडलं. मग करावं तरी काय माणसानं? सांग की! तुझ्याच पोटात खडा झाला होता ना? का माझ्या?"

केवळाबाईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. शिल्पा नखानं ओट्यावरचा चुना खरवडत राहिली. नागुबाईला स्वतःचाच राग आला आणि तो बोलून दाखवायलाही जमेना. ती आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा बसली.

अक्का दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कामगारांचं सरकारी ऑफिस असतं. तिथं तक्रार देऊ. मी लिहिते. पण एकट्या नागुबाईची नको, ती आता मिलमध्ये नाही. आत काम करणाऱ्यांच्या सह्या पाहिजेत."

"अंगठा चालतो का?" केवळाबाईनं विचारलं.

"चालतो."

"अन् आप्पाला कळतंय का, कुणाकुणाचा हाय ते?"

अक्का खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. "कळणार," त्या म्हणाल्या.

समोरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. मग केवळाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "घरी इचारते. उद्या सांगते." शिल्पाही तिच्या मागोमाग उठली, फाटकापाशी थांबली, आणि गेली.

नागुबाई त्या गेल्या त्या वाटेकडे बघत राहिली. "येत्याल का हो, अक्का?"

"मला नाही माहीत," अक्का म्हणाल्या. तरी त्यांनी आतून कोरा कागद आणला, वर तारीख घातली, आणि नागुबाईला म्हणाल्या, "सांग. काल जसं सांगितलंस तसंच."

नागुबाईनं सांगितलं. दोनदा तिच्या तोंडात यमक आलं, दोन्ही वेळा तिनं ते गिळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खाली सह्यांसाठी मोठी जागा मोकळी ठेवली. नागुबाईनं कागद हातात घेतला, त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि अक्कांकडे परत दिला.

त्या संध्याकाळी अक्कांनी त्या दिवसाच्या नोंदीखाली शेवटची ओळ लिहिली: ज्वारीचे पीठ संपले, उद्या दळण टाकायचे.